पुरलेला अणुकचरा आणि आसपासचे प्राणी-पक्षी: धोका ठरवतात कसा?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही पालघर जिल्ह्यात किनाऱ्यालगत राहता, पक्षी बघता. किरणोत्सारी कचरा जमिनीत पुरला तर आसपासच्या वन्यजीवांना किती धोका आहे हे ठरवतात कसं, असं तुम्ही विचारलंय. माणसांसाठी सुरक्षित असेल तर प्राण्यांसाठीही असणारच, हे म्हणणं कितपत खरं, तेही हवंय. आणि तुमच्या खाजणात उतरणारे पाणपक्षी गेल्या काही वर्षांत कमी झालेत, त्यामागे हेच कारण असेल का, अशी शंका तुमच्या मनात आहे.

मी याच क्षेत्रात काम करतो. बरंचसं काम युरोपातल्या जागांवर झालं, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. विचार करायची पद्धत मात्र तुमच्या खाजणालाही तशीच लागू पडते.

किती किरणोत्सार झाला म्हणजे प्राण्याला बाधतो, हे सगळे आधी विचारतात. त्याची उत्तरं प्रयोगशाळांमधून आणि जुन्या अपघातांमधून बऱ्यापैकी हाती आलेली आहेत. अवघड असतं ते वेगळंच. पुरलेल्या कचऱ्यातला सीझियम किंवा स्ट्रॉन्शियम अशा किरणोत्सारी मूलद्रव्याचा अणू अमुक एका प्राण्याच्या अंगापर्यंत कोणत्या वाटेने पोचेल, वाटेत किती अडेल, आणि पोचेपर्यंत त्यात किती दम उरलेला असेल? ही वाट चुकीची धरली की पुढचं गणित दशांश चिन्हापर्यंत अचूक केलं तरी वाया जातं. माझ्या कामाचा मोठा वेळ याच प्रश्नात जातो. किरणं मोजायचं यंत्र त्यानंतर बाहेर निघतं.

आधी माणूस आणि प्राणी यांचा मुद्दा. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, १९७७ साली असं म्हटलं होतं की माणसाचं पुरेसं संरक्षण झालं तर इतर सजीवांचंही बहुधा होईल. १९९० च्या शिफारशींमध्येही साधारण हीच भूमिका राहिली. २००७ च्या शिफारशींमध्ये मात्र पर्यावरणाचं संरक्षण हा स्वतंत्र विषय म्हणून आला आणि २००८ मध्ये आयोगाने बारा नमुना सजीव ठरवले: हरीण, उंदीर, बदक, बेडूक, ट्राउट मासा, तळाशी राहणारा चपटा मासा, मधमाशी, खेकडा, गांडूळ, पाइन वृक्ष, रानगवत आणि तपकिरी समुद्रशैवाल.

भूमिका बदलायचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर काही युरोपीय देश किरणोत्सारी कचऱ्याचे ड्रम ईशान्य अटलांटिकमध्ये चार-चार किलोमीटर खोल पाण्यात सोडत असत. १९८३ मध्ये त्याला स्थगिती मिळाली आणि १९९३ मध्ये जगभर बंदी आली. त्या तळाशी माणूस कधीच जात नाही. तिथला अणू माणसाच्या ताटात येईतो प्रचंड पाण्यात विरून जातो, म्हणून माणसाचा हिशोब नेहमीच सुरक्षित निघणार. ड्रमशेजारच्या चिखलात राहणाऱ्या किड्याचं काय, हे त्या हिशोबात कुठेच येत नाही. जमिनीवरही तेच होतं. कुंपण माणसाला बाहेर ठेवतं, घुशीला ठेवत नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जिथे लोक अगदी जवळ राहतात, तिथले मासे खातात, तिथलं पाणी पितात, तिथे ते जुनं वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं. सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे, म्हणजे तासाला जेमतेम ०.१ मायक्रोसीव्हर्ट. (सीव्हर्ट हे माणसाला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप, ग्रे हे शरीरात जिरलेल्या किरण-ऊर्जेचं; ढोबळमानाने दोन्हींची तुलना चालते.) वन्यजीवांसाठी युरोपात चाळणी म्हणून, म्हणजे त्याखाली पुढे तपासायची गरज नाही म्हणून, वापरला जाणारा आकडा तासाला १० मायक्रोग्रे आहे, जवळपास नव्वद पट. प्राण्यांचा जीव स्वस्त म्हणून हा फरक नाही. माणसाच्या बाबतीत आपण प्रत्येक व्यक्तीला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता मोजतो. रानातल्या उंदराच्या बाबतीत विचारतो की इथली उंदरांची वस्ती टिकेल का, पिल्लं होतील का, जगतील का. प्रश्नच वेगळा, म्हणून आकडाही वेगळा.

इथेच पहिली अट येते. नेमकं काय जपायचंय हे आधी ठरवावं लागतं. मुबलक असलेल्या जातीसाठी मी समूहाचा विचार करतो. पण एखाद्या दुर्मीळ बेडकाच्या मोजक्याच जोड्या उरल्या असतील, तर तिथे एकेका जोडीचा विचार करावा लागतो, आणि तोच डोस एका ठिकाणी स्वीकारता येतो, दुसऱ्या ठिकाणी येत नाही.

दुसरी अट कचऱ्याची. ‘अणुकचरा’ म्हटलं की सगळं एकाच पातळीचं वाटतं. आपल्याकडे अणुऊर्जा केंद्रांच्या आवारात जमिनीलगत पुरला जातो तो कमी आणि मध्यम तीव्रतेचा घन कचरा: हातमोजे, कपडे, फिल्टर, रेझिन, सुटे भाग. तीव्रतेप्रमाणे तो दगडी अस्तराच्या चरांत, आरसीसीच्या चरांत किंवा ‘टाइल होल’ म्हणतात त्या उभ्या विहिरींमध्ये ठेवतात. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करताना निघणारा उच्च तीव्रतेचा कचरा असा पुरत नाहीत. तो काचेत गोठवून, देखरेखीखाली, हवेने थंड राहणाऱ्या वेगळ्या साठवणगृहात ठेवतात. जमिनीलगतच्या कचऱ्यात सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० महत्त्वाचे. दोघांचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे तीनशे वर्षांत ते हजारांशावर येतात. म्हणूनच अशा जागांसाठी साधारण ३०० वर्षांची देखरेख गृहीत धरतात. त्यात कार्बन-१४ किंवा प्लुटोनियम-२३९ किती आहे ते मात्र वेगळं विचारावं लागतं. पहिल्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, दुसऱ्याचं २४,१०० वर्षं. तितकी वर्षं पहारा ठेवणं कुणाच्याच हातात नाही.

आता वाटेबद्दल. या विषयात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी अमेरिकेतल्या हॅनफर्डची गोष्ट सांगतो. वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठी, कोरड्या गवताळ पट्ट्यात हा प्लुटोनियम बनवायचा प्रकल्प होता. १९५० च्या दशकात तिथला द्रवरूप कचरा जमिनीत जिरावा म्हणून चरांमध्ये आणि खड्ड्यांमध्ये सोडला गेला. वरून माती टाकली. अभियंत्यांनी पाण्याचा विचार केला: खाली भूजल किती खोल, मातीत सीझियम किती अडकेल, नदीपर्यंत जायला किती वर्षं लागतील. मात्र त्या कचऱ्यात क्षार होते, आणि कोरड्या मुलखात क्षार म्हणजे जनावरांना मेजवानी. बिळं करणाऱ्या प्राण्यांनी वरचा थर फोडला, रानससे क्षार चाटायला येऊ लागले आणि त्यांच्या लेंड्या-मुतातून सीझियम आणि स्ट्रॉन्शियम तीस चौरस किलोमीटरहून मोठ्या रानावर पसरलं. सशांना खाणारे कोल्ह्यासारखे कायोटी आणि शिकारी पक्षी ते आणखी पुढे घेऊन गेले. २००९ साली त्या लेंड्यांचे ठिपके शोधायला संवेदक लावलेलं हेलिकॉप्टर फिरवावं लागलं.

याच हॅनफर्डला टंबलवीड नावाच्या काटेरी झुडपाचाही त्रास आहे. त्याची मुळं खोल जातात. स्ट्रॉन्शियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमच्या कुळातलं, त्यामुळे झाड ते निमूट वर ओढतं. झुडूप वाळलं की बुंध्याशी तुटतं आणि वाऱ्याबरोबर मैलोन् मैल गडगडत जातं. सगळं लक्ष खाली जाणाऱ्या पाण्याकडे होतं. वर येणाऱ्या वाटेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्राणी इथे दोन भूमिकांत येतो: धोका पोचतो त्याच्यापर्यंत, आणि धोका पसरवणाराही तोच. अहवालात दोन्ही बाजू हव्यात. बऱ्याच अहवालांत फक्त पहिली असते.

म्हणून जागेवर गेल्यावर मी सुरुवातीला पुरलेल्या चरांवरच्या आच्छादनावर फिरतो, मान खाली घालून. युरोपात मोल नावाचा चिचुंद्रीएवढा प्राणी जमिनीखाली बोगदे काढतो आणि मातीचे छोटे ढीग वर आणून टाकतो. असा ढीग दिसला की चिमूटभर माती बोटांत चुरडून बघायची. काळसर आणि भुसभुशीत असेल तर ती वरच्या थरातली. पिवळसर, चिकट, नखाला धरून राहणारी चिकणमाती निघाली, तर प्राणी आच्छादनाच्या अडथळ्यापर्यंत पोचलाय. त्या क्षणी संगणकातल्या मॉडेलमधलं ‘आच्छादन ३०० वर्षं अभंग’ हे गृहीतक खोडायचं. कोकणात मोल नाही, पण घूस आहे, साळिंदर आहे, मुंगूस आहे. वाळवी तर बारीक माती कण-कण करून खोलातून वर आणते. मुळांमध्ये पिंपळ आणि वेडी बाभूळ या दोघांवर माझी नजर राहील. काँक्रीटच्या फटीत रुजलेला पिंपळ काय करतो ते कोकणातल्या प्रत्येक जुन्या घराच्या मालकाला माहीत आहे.

त्यात आपल्याकडचा पाऊस. उत्तर कोकणात चार महिन्यांत दोन मीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि भूजल पार वरपर्यंत येतं. हॅनफर्डला प्राणी ही मोठी वाट होती. तुमच्याकडे पाणी ही पहिली वाट धरली पाहिजे. बेसॉल्टमधल्या भेगांतून पाणी कुठे झिरपतं, खाडीत कुठे निघतं, तिथला चिखल कोण खातं, हा क्रम. पाण्यात विरघळलेलं सीझियम चिखलातल्या चिकणमातीला घट्ट चिकटतं. म्हणून खाडीत पाणी तपासून समाधान मानू नये, चिखल तपासावा. ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचं, उलट: ते पाण्याचाच भाग होऊन पाण्याबरोबर जातं, चिखलात अडकत नाही.

वाट ठरली की पुढचा प्रश्न: सभोवती इतकं आहे, तर अंगात किती जाईल? यासाठी आम्ही कॉन्सन्ट्रेशन रेशो वापरतो. प्राण्याच्या किलोभर वजनात किती बेक्वेरेल (सेकंदाला किती अणू फुटतात त्याचं माप) आणि सभोवतालच्या किलोभर मातीत किंवा लिटरभर पाण्यात किती, यांचा भागाकार. सोपं दिसतं, पण सगळ्यात मोठी अनिश्चितता याच एका आकड्यात लपलेली असते. इंग्लंडमध्ये सेलाफील्डच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पातून १९९४ नंतर टेक्नेशियम-९९ नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य समुद्रात जास्त सोडलं गेलं, तेव्हा तिथल्या लॉब्स्टरमध्ये ते भरपूर सापडू लागलं. त्याच पाण्यातल्या खेकड्यांमध्ये मात्र फारच कमी. दोघंही कवचवाले, दोघंही तळाशी, आणि तरी असा फरक. ‘कवचधारी प्राणी’ म्हणून सरासरी आकडा घातला असता तर तो दोघांनाही चुकीचा ठरला असता.

एक छोटं गणित करून दाखवतो, म्हणजे आकड्यांचा अंदाज येईल. समजा, मातीत किलोमागे १,००० बेक्वेरेल सीझियम-१३७ आहे. उंदरासाठी कॉन्सन्ट्रेशन रेशो १ धरला, तर उंदराच्या अंगातही किलोमागे १,००० बेक्वेरेल. अंगातल्या सीझियममुळे उंदराला तासाला सुमारे ०.१७ मायक्रोग्रे मिळतात. सतत बिळात राहत असेल तर चारी बाजूंच्या मातीतल्या गॅमा किरणांमुळे आणखी ०.३ च्या आसपास. बेरीज अर्ध्या मायक्रोग्रेच्या आत, म्हणजे १० च्या चाळणीपासून खूप दूर. आता रेशो १ ऐवजी १०० घाला. पोटॅशियम कमी असलेल्या भुसभुशीत, सेंद्रिय मातीत वनस्पती सीझियम हावरटासारखं ओढतात, त्यामुळे तिथे रेशो फार वर चढू शकतो. आतला डोस १७ होतो आणि चाळणी ओलांडली जाते. माती तीच, उंदीर तोच, फक्त एक आकडा बदलला. सीझियमऐवजी प्लुटोनियम असेल तर हिशोब आणखी बदलतो. अल्फा किरणं पेशींना जास्त इजा करतात म्हणून त्यांना दहाने गुणतात, आणि मग अंगातल्या किलोमागे १,००० बेक्वेरेलचेच तासाला सुमारे ३० मायक्रोग्रे होतात. सुदैवाने प्लुटोनियम अन्नातून अंगात फार कमी शिरतं.

म्हणूनच कामाची पद्धत टप्प्याटप्प्याची असते. युरोपात ‘एरिका’ नावाची संगणकप्रणाली सर्रास वापरतात, अमेरिकेत ‘रेसरॅड-बायोटा’. पहिल्या टप्प्यात सगळी गृहीतकं मुद्दाम निराशावादी ठेवायची: सर्वांत जास्त दूषित नमुना, प्राणी चोवीस तास तिथेच, रेशो वरच्या बाजूचा. एवढं करूनही उत्तर चाळणीखाली आलं तर थांबायचं. नाही आलं, तर लगेच ‘धोका आहे’ असं म्हणायचं नाही. पुढच्या टप्प्यात स्थानिक माहिती गोळा करायची. गरज पडली तर उंदीर पकडून त्याच्या गळ्यात चिमुकला डोसमापक बांधून सोडायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा पकडून वाचायचा. मॉडेलचं उत्तर आणि त्या मापकाचं उत्तर शेजारी ठेवलं की आपलं मॉडेल किती पाण्यात आहे ते कळतं. चाळणीचा आकडा म्हणजे सुरक्षित आणि धोकादायक यांच्यातली भिंत नव्हे. त्याखाली वेळ घालवायची गरज नाही, इतकंच तो सांगतो.

चाळणीच्या जोडीला आयसीआरपीचे डोसाचे पट्टे आहेत. हरीण, उंदीर, बदक, पाइन यांच्यासाठी दिवसाला ०.१ ते १ मिलिग्रे (१ मिलिग्रे म्हणजे १,००० मायक्रोग्रे); मासे, बेडूक, गवत, समुद्रशैवाल यांच्यासाठी १ ते १०; मधमाशी, खेकडा, गांडूळ यांच्यासाठी १० ते १००. या पट्ट्यांत पोचलं की काही ना काही परिणाम दिसण्याची शक्यता सुरू होते, आणि तो बहुतेकदा आधी प्रजननात दिसतो: अंडी कमी उबणं, पिल्लं कमी होणं. मरण त्याच्या खूप नंतर. अंगाचा आकार वाढला, रचना गुंतागुंतीची झाली की सहनशक्ती कमी होते, असा ढोबळ कल या पट्ट्यांत दिसतो.

आता तुमच्या पक्ष्यांकडे. रॅव्हनग्लासची घटना मी तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची शंका जशीच्या तशी तिथे विचारली गेली होती. सेलाफील्डच्या दक्षिणेला रॅव्हनग्लासची खाडी आहे. खाडीच्या तोंडाशी ड्रिगच्या वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्याजवळच इंग्लंडमधली कमी तीव्रतेचा कचरा पुरण्याची मुख्य जागा. १९५९ पासून तिथे कचरा पुरला जातोय, आधी उघड्या चरांत आणि १९८८ पासून काँक्रीटच्या कोठ्यांमध्ये. सेलाफील्डच्या नळातून समुद्रात गेलेलं सीझियम, प्लुटोनियम आणि अमेरिशियम भरतीबरोबर या खाडीच्या चिखलात येऊन बसलं होतं. ड्रिगच्या टेकड्यांवर काळ्या डोक्याच्या कुरवांची हजारोंची वसाहत होती. हाच कुरव हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही येतो. १९८० च्या दशकात ती वसाहत ओसरू लागली आणि शेवटी उठून गेली. शेजारी अणुप्रकल्प, चिखलात किरणोत्सार, पक्षी गायब. लोकांनी दुवा जोडला, आणि तो जोडणं अगदी स्वाभाविक होतं.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी पक्षी काय खातात इथून सुरुवात केली. पक्ष्यांच्या खाण्यातले चिखलातले बारा प्रकारचे प्राणी तपासले, मग खुद्द पक्षी. निघालं असं की सीझियम सर्वांत जास्त असलेल्यांत होते ऑयस्टरकॅचर नावाचे किनारपक्षी आणि शेलडक बदकं, कारण ते तिथलाच चिखल उकरून खात होते. आणि त्यांची संख्या उत्तम होती, पिल्लंही नीट होत होती. कुरव मात्र बहुतेक वेळ आत शेतांमध्ये चरायला जात. खाडीतल्या सगळ्या पक्ष्यांत तेच सर्वांत कमी दूषित होते, आणि कमी होत होते तेही तेच. सर्वांत दूषित कुरवाचाही अंगभर डोस तासाला १ मायक्रोग्रेच्या आत होता. पिल्लांची वाढ खुंटायला लागणाऱ्या डोसपेक्षा तो हजार पटींहून कमी होता. मग वसाहत का उठली? १९८४ मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या: बेसुमार वाढलेले कोल्हे, सशांमध्ये मिक्सोमॅटोसिस या जीवघेण्या रोगाची तीस वर्षांतली सर्वांत भयंकर साथ, आणि विक्रमी दुष्काळ. ससे मेले की भुकेल्या कोल्ह्यांना जमिनीवरची घरटी उरतात.

या अभ्यासातली क्रमवारी मला सर्वांत मोलाची वाटते. किरणोत्सार कारण असेल, तर जो सर्वांत जास्त दूषित तो आधी ढासळायला हवा. तुमच्या खाजणात हीच कसोटी लावा. कोणते पक्षी कमी झाले, जातीवार लिहा. चिखलात चोच खुपसून खाणारे तुतारे, टिलवे कमी झाले की पाण्यातले मासे टिपणारे? वर्षभर राहणारे कमी झाले की फक्त हिवाळी पाहुणे? तुतारे-टिलवे बहुतेक उत्तरेकडे, हजारो किलोमीटरांवर अंडी घालतात. किरणोत्साराचा पहिला आघात प्रजननावर होतो, आणि त्यांचं प्रजनन तुमच्या किनाऱ्यावर होतच नाही. मग इथेच राहणारे, इथेच घरटं करणारे आणि खाडीतलेच निवटे, खेकडे खाणारे ढोकरी आणि खंड्या ठणठणीत असतील, तर किरणोत्साराचा संशय बराच मागे पडतो. खाजणावरची भर, तिवरांची तोड, औद्योगिक सांडपाणी, आणि पक्ष्यांच्या प्रवासातले थांबे नष्ट होणं ही कारणं आधी तपासा. याचा अर्थ किरणोत्साराचा प्रश्न विचारूच नये असा मुळीच नाही. तो विचारा, पण अशा रीतीने विचारा की उत्तर मिळू शकेल.

चेर्नोबिलच्या अणुभट्टी अपघाताचं उदाहरण कुणीतरी नक्की पुढे करेल, दोन्ही बाजूंनी. लांडगे आणि मूस (मोठी हरणं) वाढले म्हणून काही बिघडलं नाही असं एक म्हणेल. अमुक पक्षी कमी झाले म्हणून अगदी अल्प डोसही घातक असं दुसरा. अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत जवळचं पाइनचं जंगल जळाल्यासारखं लाल होऊन मेलं, यात वाद नाही. नंतरच्या दशकांत माणूस निघून गेल्याचा फायदा आणि किरणोत्साराचा तोटा एकमेकांत मिसळले आहेत. शिवाय बऱ्याच वादांचं मूळ एवढंच असतं की पक्ष्याला खरोखर मिळालेल्या डोसऐवजी जमिनीवर मोजलेला आकडा वापरलेला असतो. पुरलेल्या कचऱ्याशी त्या अपघाताची थेट तुलना मी करत नाही. तिथे एका झटक्यात हवेतून आलं. इथे आलं तर शेकडो वर्षांत, थेंबाथेंबाने येईल.

शेकडो वर्षांचा विषय निघालाच आहे तर स्वीडनमधल्या फॉर्समार्कबद्दल सांगतो. वापरलेलं अणुइंधन तांब्याच्या डब्यांत, भोवती पाणी अडवणारी बेंटोनाइट माती भरून, सुमारे ५०० मीटर खोल खडकात ठेवायची योजना तिथे आहे. सरकारने २०२२ मध्ये तिला मंजुरी दिली. हिमयुगात बर्फाखाली दबलेली तिथली जमीन अजून वर येते आहे, वर्षाला सुमारे ६ मिलिमीटर. म्हणजे आज जिथे समुद्रतळ आहे तिथे काही हजार वर्षांनी तळं असेल, मग दलदल, मग कदाचित शेत. खालून झिरपलेला अणू वर कधी पोचेल त्यावर तो माशाला भेटेल, बेडकाला की गाईला हे ठरणार. म्हणून तिथल्या मूल्यमापनात प्राण्यांची एकच यादी चालत नाही, काळाप्रमाणे बदलत्या परिसंस्था मांडाव्या लागतात. आपल्या किनाऱ्यावर हाच विचार उलट्या दिशेने करायला हवा: समुद्र चढतोय, किनारा खचतोय. ड्रिगबद्दलही पुढच्या काही शतकांत किंवा सहस्रकांत समुद्र ती जागा कुरतडेल असंच गृहीत धरून अभ्यास झाले आहेत.

फॉर्समार्कची आणखी एक गोष्ट अशा चर्चांमध्ये हमखास निसटते. तिथे पूल फ्रॉग नावाचा संरक्षित बेडूक आहे. त्याला नजीकच्या काळातला खरा धोका किरणोत्साराचा नव्हता. बोगदे खणताना भूजल खाली जाईल आणि त्याची डबकी आटतील, हा होता. म्हणून त्याच्यासाठी आधीच नवी डबकी खणली गेली. खोदकाम, ट्रकची वर्दळ, रात्रीचे दिवे, तोडलेली झाडी, उपसलेलं पाणी: पहिल्या पन्नास वर्षांत वन्यजीवांचं नुकसान झालं तर बहुतेकदा यानेच होतं. किरणोत्साराच्या भीतीत हे झाकलं जातं, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर क्रम असा: काय जपायचंय ते ठरवा, कचऱ्यात काय आहे ते विचारा, वाट शोधा, अंगात किती जातं ते तपासा, मगच डोस काढून चाळणीला लावा.

तुमच्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणीय अहवाल हाती आला, तर मी काय बघेन ते सांगतो. आपल्याकडे अणुऊर्जा केंद्रांजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात. त्या पाणी, गाळ, मासे, दूध, भाजीपाला नियमित तपासतात. ही यादी मुख्यतः माणसाच्या ताटावरून केलेली असते. तेव्हा अहवालात बघा की माणूस न खाणारे, पण पक्षी खाणारे जीव तपासलेत का: निवटे, चिखलातले किडे, छोटे खेकडे, शिंपले. कॉन्सन्ट्रेशन रेशो परदेशी तक्त्यातून उचललेत की इथल्या खाडीत मोजलेत, ते बघा. उचलले असतील तर अनिश्चितता किती धरली आहे तेही. तुलनेसाठी दूरची, तशाच चिखलाची एखादी स्वच्छ खाडी घेतली आहे का? निसर्गातल्या पोलोनियम-२१० मुळे समुद्री प्राण्यांना मुळातच बराच डोस मिळत असतो. त्या पार्श्वभूमीशिवाय प्रकल्पाचा आकडा मोठा की लहान, कळतच नाही. आणि नमुने कोणत्या महिन्यात घेतले ते बघा. सगळे नमुने जानेवारी-फेब्रुवारीतले असतील, तर ऑगस्टमध्ये भूजल वर आलेलं असताना खाडीत काय निघतं हे त्या अहवालाने पाहिलेलंच नाही. जनसुनावणीत एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली, तर मी पावसाळ्यातल्या नमुन्यांचा विचारेन.